आजोबांची राहून गेलेली पदके



गेल्या गोवा मुक्तिदिनी शाळेत आपण एक छोटेसे प्रदर्शन भरवले होते, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मुलांनी घरातल्या जुन्या वस्तू आणल्या होत्या. कुणी पोर्तुगीज अमदानीतील नाणी, कुणी पत्रादेवीच्या सत्याग्रहाची छायाचित्रे, कुणी जुना कंदील. आठवीतल्या एका मुलीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला होता. त्यात तिच्या दिवंगत आजोबांची तीन पदके, रंग उडालेल्या फिती आणि कडा कुरतडलेले एक डिस्चार्ज बुक होते. आजोबा पेडणे तालुक्यातले. पोर्तुगीज राजवट असतानाच सीमा ओलांडून ते भारतीय लष्करात भरती झाले आणि डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या पलटणीबरोबर सैनिक म्हणून गोव्यात परतले, अशी घरची आठवण.

त्या टेबलावरची चिठ्ठी मी स्वतः लिहिली होती : "गोवा मुक्तीच्या लढ्यातील ऑपरेशन विजय पदके". दुपारी एक निवृत्त सुभेदार प्रदर्शन पाहायला आले. त्यांनी डबा पाहिला, चिठ्ठी वाचली आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितले, "सर, यातले एकही पदक गोव्याचे नाही. आणि ऑपरेशन विजय पदक तर कारगिलचे."

चूक माझी होती, ती मी लगेच दुरुस्त केली. पण त्यातून खरा प्रश्न पुढे आला. आजोबा जर १९६१ साली खरोखरच गोव्यात होते, तर त्यांचे गोव्याचे पदक कुठे गेले? डिस्चार्ज बुकात पदकांच्या रकान्यातही त्याची नोंद नव्हती. मुलीच्या आजी आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना पदकाचा सोस नव्हता. "ते इथे आले होते, हे कागदावर असू दे," एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढच्या काही महिन्यांत त्या कुटुंबाबरोबर कागदपत्रे शोधताना जे समजले, ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून इथे देत आहे. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या अनेक घरांत असे डबे असतील.

पदके किती प्रकारची?

सैनिकाच्या छातीवरची सगळी पदके शौर्याची नसतात. ढोबळमानाने त्यांचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार शौर्यपदकांचा. परमवीरचक्र, महावीरचक्र, वीरचक्र ही त्यातली प्रमुख. गोव्याच्या सीमेलगतच्या कारवारजवळील चेंडिया गावचे रामा राघोबा राणे यांना एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी मार्गावरील सुरुंग आणि अडथळे दूर करण्याच्या कामगिरीबद्दल परमवीरचक्र मिळाले. रायगड जिल्ह्यातील यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये इटलीच्या रणभूमीवर दाखवलेल्या शौर्याबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. असे पदक वरिष्ठांच्या शिफारशीवरून मिळते आणि ते राजपत्रात जाहीर होते. राजपत्रात नाव नसेल, तर केवळ घरच्यांच्या आठवणीवरून ते नंतर नोंदीत घालता येत नाही.

दुसरा प्रकार मोहिमेच्या व सेवेच्या पदकांचा. अमुक काळात, अमुक क्षेत्रात, अमुक दिवस जो सेवेत होता त्या प्रत्येकाला ते मिळते. इथे शिफारस लागत नाही. अटी पूर्ण झाल्या की तो हक्क ठरतो.

तिसरा प्रकार वर्धापनाच्या आणि दीर्घ सेवेच्या पदकांचा. स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षी, १९७२ मध्ये, आणि ५० व्या वर्षी, १९९७ मध्ये, त्या वेळी सेवेत असलेल्यांसाठी पदके काढण्यात आली. ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेसाठीही पदके आहेत.

घरातली जी पदके राहून जातात ती बहुतेक दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातली असतात. ती मिळवणे म्हणजे सरकारकडे मेहेरबानी मागणे नव्हे. सैनिक कोणत्या तारखेला कुठे होता, हे दाखवून अपुरी राहिलेली नोंद पूर्ण करून घेणे, एवढेच ते काम आहे. म्हणून या कामात भावनेपेक्षा तारखा आणि ठिकाणे महत्त्वाची.

दोन "विजय" आणि एक पट्टी

आता माझ्या चुकीकडे वळू. १९६१ च्या गोवा मोहिमेचे सांकेतिक नाव "ऑपरेशन विजय" होते, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली ही मोहीम झाली. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या हाताखालील १७ वी इन्फंट्री डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड हे तिचे मुख्य बळ होते. १८ डिसेंबरला पहाटेच्या सुमारास पॅराशूट ब्रिगेडच्या तुकड्या उत्तरेकडून दोडामार्गाच्या बाजूने गोव्यात शिरल्या. १९ डिसेंबरच्या रात्री साडेआठला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली. त्याच वेळी दमणमध्ये पहिली मराठा लाइट इन्फंट्री लढत होती, तर अंजदीव बेटावर उतरताना आपल्या नौदलाचे सात जण कामी आले.

मात्र १९९९ च्या कारगिल मोहिमेलाही "ऑपरेशन विजय" हेच नाव दिले गेले. "ऑपरेशन विजय स्टार" आणि "ऑपरेशन विजय पदक" ही दोन्ही पदके कारगिलच्या मोहिमेची आहेत. १९६१ साली गोव्यात आलेल्या सैनिकाने किंवा त्याच्या वारसाने ती मागितली, तर नकारच येणार. आणि एकदा नकार आला की घरचे समजतात, आपला हक्कच नव्हता.

गोवा मोहिमेसाठी जे पदक आहे त्याचे नाव "जनरल सर्व्हिस मेडल १९४७". नाव १९४७ चे असले, तरी ते एकाच मोहिमेचे नाही. वेगवेगळ्या मोहिमांसाठी तेच पदक दिले जाई आणि मोहीम ओळखण्यासाठी त्याच्या फितीवर धातूची छोटी आडवी पट्टी बसवली जाई. तिला लष्करात क्लास्प म्हणतात. जम्मू-काश्मीर, नागा हिल्स, लडाख १९६२, नेफा १९६२ अशा पट्ट्या आहेत, तशीच "गोवा १९६१" ही पट्टी आहे. ज्याला हे पदक आधीच मिळाले असेल त्याला दुसरे पदक मिळत नाही, फक्त नवी पट्टी मिळते. म्हणून एखाद्या घरी पदक असते आणि पट्टी नसते. तेव्हा पदक नव्हे, पट्टी मागायची असते.

आणखी एक खबरदारी. पुढे "सामान्य सेवा मेडल १९६५" नावाचे वेगळे पदक निघाले. आपण अर्जात "जनरल सर्व्हिस" या शब्दांचे भाषांतर करून "सामान्य सेवा पदक" असे लिहिले, तर कारकुनाच्या डोळ्यांसमोर दुसरेच पदक येईल. अर्जात पदकाचे मूळ नाव, साल आणि पट्टी जशीच्या तशी लिहावी.

हिशेब कसा मांडावा?

एक उदाहरण घेऊ. समजा, एखादा जवान १९५७ साली भरती झाला आणि १९७४ साली निवृत्त झाला. त्याच्या सेवाकाळाची वर्षे एका खाली एक लिहावीत आणि प्रत्येक वर्षापुढे त्याची पलटण आणि ठिकाण लिहावे. १९६१ च्या डिसेंबरात तो गोवा मोहिमेच्या क्षेत्रात असेल, तर जनरल सर्व्हिस मेडल आणि "गोवा १९६१" पट्टी. १९६५ च्या युद्धाच्या वेळी तो ठरलेल्या मुदतीइतका सेवेत असेल, तर रक्षा मेडल. प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असेल, तर त्याशिवाय समर सेवा स्टार. १९७१ च्या युद्धकाळात सेवेत असेल, तर संग्राम मेडल. पूर्व आघाडीवर असेल, तर पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवर असेल, तर पश्चिमी स्टार. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत होता, म्हणून स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचे पदक. शिवाय नऊ वर्षांच्या सेवेचे पदक. डोंगराळ सरहद्दीवर ठरावीक काळ काढला असेल, तर सैन्य सेवा मेडल आणि त्या भागाची पट्टी.

ही यादी एका बाजूला आणि डब्यातील पदके दुसऱ्या बाजूला ठेवली की काय राहिले ते दिसते. आमच्या विद्यार्थिनीने हा तक्ता वहीच्या एका पानावर आखला आणि पुढचे सगळे काम त्या एका पानावरून झाले.

पदके राहून का जातात?

याचे कारण कुणाचा दुष्टावा क्वचितच असतो. मोहीम आधी होते, पदकाचा आदेश नंतर निघतो, मग पदके घडवली जातात, कडेवर सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरले जाते आणि ती वाटली जातात. या सगळ्याला वर्षे लागतात. तोवर जवान दुसऱ्या पलटणीत बदलून गेलेला असतो किंवा निवृत्त झालेला असतो. काही जवान मोहिमेच्या वेळी तात्पुरते दुसऱ्या तुकडीला जोडलेले असतात. त्यांच्या मूळ पलटणीच्या यादीत त्यांचे नाव येत नाही आणि जोडलेल्या तुकडीला ते आपले वाटत नाहीत. सैनिकाच्या सेवेतला प्रत्येक बदल, म्हणजे बदली, बढती, लग्न, मूल, पदक, लष्करात "पार्ट टू ऑर्डर" नावाच्या आदेशाने नोंदला जातो. असा एखादा आदेश निघाला नाही किंवा अभिलेख कार्यालयात पोचला नाही, तर डिस्चार्ज बुकातला रकाना कोराच राहतो.

आपल्या भागापुरते आणखी एक कारण आहे, ते म्हणजे पत्ता. १९६१ पूर्वी पेडणे किंवा डिचोलीचा तरुण भारतात भरती झाला, तर त्याने सीमेपलीकडच्या नातेवाइकाचा, सावंतवाडीकडचा पत्ता दिलेला असू शकतो. तेव्हा तो भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यामुळे गोव्याच्या यादीत नाव सापडले नाही म्हणून निराश होऊ नये. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या सैनिक कल्याण कार्यालयांतही चौकशी करावी.

कागद कुठे शोधावेत?

आधी घर. डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश म्हणजे पीपीओ, जुने ओळखपत्र, पलटणीतून आलेली पत्रे, गणवेशातले छायाचित्र. यातून तीन गोष्टी मिळवायच्या : सैनिक क्रमांक, दल किंवा पलटण, आणि भरती व निवृत्तीच्या तारखा. सैनिक क्रमांक मिळाला की अर्धे काम झाले. एकाच नावाचे दहा जवान असतील, पण क्रमांक एकाचाच. डिस्चार्ज बुक हरवले असले, तरी कुटुंब निवृत्तिवेतन चालू असेल तर पीपीओवर क्रमांक आणि अभिलेख कार्यालयाचे नाव असते. हल्ली संरक्षण खात्याची निवृत्तिवेतने "स्पर्श" या संगणकीय व्यवस्थेतून दिली जातात, तिथूनही आदेशाची प्रत काढता येते.

मग अभिलेख कार्यालय. जवानांच्या नोंदी गावात किंवा पणजीत नसतात. त्या ज्या त्या दलाच्या अभिलेख कार्यालयात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे कार्यालय बेळगावला आहे. बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला, वैद्यकीय दलाचे लखनौला. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला, हवाई दलातील जवानांच्या दिल्लीत सुब्रोतो पार्कला. लष्करी अधिकाऱ्यांच्या नोंदी दिल्लीला मुख्यालयात असतात.

तिसरे ठिकाण पणजीचे राज्य सैनिक मंडळ. माजी सैनिक आणि वीरपत्नींची नोंदणी तिथे असते. ते कार्यालय स्वतः पदक देत नाही, पण योग्य पत्ता सांगते, अर्ज तपासून देते आणि शिफारसपत्रासह पुढे पाठवते. गावातल्या माजी सैनिकांनाही विचारावे. आम्हाला तर वाट त्यांनीच दाखवली.

एक गोष्ट पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. अभिलेख कार्यालयातले सगळे कागद कायमचे ठेवले जात नाहीत. जे जवान निवृत्तिवेतनास पात्र न होता बाहेर पडले, त्यांची सेवापत्रे साधारण २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. त्यानंतर उरते ती "लाँग रोल" नावाची मोठी नोंदवही. तिच्यात एका जवानासाठी मोजक्याच नोंदी असतात. म्हणून "पुढच्या वर्षी बघू" असे म्हणत हे काम लांबवू नये.

नावाचा घोळ

गोव्यात हा अडथळा हमखास येतो. १९६१ पूर्वीच्या जन्मनोंदी पोर्तुगीज भाषेत आणि पोर्तुगीज धाटणीच्या अक्षरांत आहेत. पोर्तुगीज नोंदीत "श" साठी एक्स येतो, "क" साठी सी किंवा क्यू येतो. म्हणून शिरोडकर तिथे एक्सने सुरू होतात आणि नाईक यांच्या नावाच्या शेवटी क्यू, यू, ई ही तीन अक्षरे असतात. गावांचेही तसेच. आपले पेडणे तिथे पेर्नेम, डिचोली तिथे बिचोली. लष्करातल्या कारकुनाने मात्र जे कानावर पडले ते इंग्रजीत लिहिले. मृत्यूचा दाखला तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेला. तीन कागद, तीन माणसे!

यावर उपाय सोपा आहे. नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करावे की, या वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेल्या नावांची व्यक्ती एकच आहे. त्यात प्रत्येक कागदावर नाव जसे आहे, तसे अक्षर न अक्षर उतरवावे. वडिलांचे नाव, गाव आणि सैनिक क्रमांक घालावा. मात्र लष्कराच्या नोंदीतले स्पेलिंग "चुकीचे" म्हणून अर्जात आपल्या मनाने सुधारू नये. त्यांच्या वहीत जसे आहे तसेच लिहिले, तर नाव सापडेल.

अर्ज कसा लिहावा?

अर्ज शक्यतो इंग्रजीत किंवा हिंदीत आणि एका पानाचा असावा. पलटणीचा इतिहास आणि घरचे दुःख त्यात लिहू नये. विधवा हयात असेल तर तिच्याच नावाने, नसेल तर मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने करावा. मजकूर साधारण असा असावा :

"माझे पती दिवंगत ..., सैनिक क्रमांक ..., हुद्दा ..., हे आपल्या दलात ... ते ... या काळात सेवेत होते. त्यांचे निधन ... रोजी झाले. डिसेंबर १९६१ मध्ये ते ... या पलटणीत असून त्यांनी गोवा मोहिमेत भाग घेतला, असे आमच्याकडील माहितीवरून दिसते. त्यांच्या डिस्चार्ज बुकात जनरल सर्व्हिस मेडल १९४७, पट्टी गोवा १९६१, याची नोंद नाही. कृपया त्यांच्या सेवापत्रांवरून व लाँग रोलवरून त्यांना देय असलेल्या सर्व पदकांची तपासणी करावी, नोंद राहिली असल्यास ती करावी, आणि न दिलेली पदके वारस या नात्याने मला पाठवावीत. पात्रता नसल्यास त्याचे कारण कळवावे."

शेवटचे वाक्य विसरू नये. नकाराचे कारण कागदावर आले, तरच पुढचे पाऊल टाकता येते. सोबत डिस्चार्ज बुकाची पाने, पीपीओ, मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि लागल्यास प्रतिज्ञापत्र यांच्या प्रती जोडाव्यात. मूळ कागद कधीही टपालाने पाठवू नये. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. मिळालेले पदक पुढे घरातच हरवले असेल, तर ती वेगळी बाब. तसे अर्जात स्पष्ट लिहावे. "मिळालेच नाही" असे लिहू नये.

उत्तर आले नाही तर?

दोन-तीन महिन्यांनी आठवणीचे पत्र पाठवावे. तेही निष्फळ ठरले तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. लष्कर या कायद्याच्या बाहेर नाही. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत साधारण तीस दिवस, आणि उत्तराने समाधान झाले नाही तर तीस दिवसांत पहिले अपील. मात्र या कायद्याने माहिती मिळते, दुरुस्ती होत नाही. म्हणून त्यात "पदक द्या" असे न लिहिता, "या क्रमांकाच्या जवानाच्या पदकांसंबंधीच्या पार्ट टू ऑर्डरची आणि लाँग रोलमधील नोंदीची प्रत द्या" असे मागावे. दिवंगत व्यक्तीची माहिती असल्यामुळे नात्याचा पुरावा जोडावा.

हक्क स्पष्ट असूनही तो नाकारला जात असेल, तर शेवटचा मार्ग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि २००९ पासून काम करू लागले. गोव्यासाठी त्याचे मुंबईचे खंडपीठ आहे, आणि सैनिकाच्या वारसांनाही तिथे दाद मागता येते. पण बहुतेक प्रकरणे तिथवर जाण्याची गरज पडू नये. योग्य पदकाचे योग्य नाव लिहिलेला एक नेटका अर्ज पुष्कळ काम करतो.

कागदच उरले नसतील तर?

अशी वेळ केवळ आपल्यावरच येते असे नाही. अमेरिकेत सेंट लुईस येथील लष्करी अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि सुमारे १.६ ते १.८ कोटी सैनिकांच्या फायली जळाल्या. लंडनमध्ये १९४० च्या बॉम्बहल्ल्यात पहिल्या महायुद्धातील निम्म्याहून अधिक जवानांची सेवापत्रे भस्मसात झाली. तरी दोन्ही देशांत लोक आजही नोंदी जुळवतात. पगाराच्या याद्या, इस्पितळाच्या नोंदी, पदकांच्या वाटपाची पुस्तके, पलटणीच्या रोजनिश्या अशा बाजूच्या कागदांतून माणूस पुन्हा उभा केला जातो.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. दोन्ही महायुद्धांतील मृत सैनिकांची स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या किमान १ लाख १६ हजार, मुख्यतः आफ्रिकी, सैनिकांची नावे कुठल्याही स्मारकावर कोरली गेली नाहीत, असे त्या संस्थेने स्वतःच मान्य केले आणि शोध सुरू केला. शंभर वर्षांनंतरही नोंद दुरुस्त करता येते, हे यातून दिसते.

आपल्याकडेही बाजूचे कागद असतात. पलटणीबरोबरचा तारीख लिहिलेला फोटो, लष्करी टपालाचा शिक्का असलेले पत्र, त्याच तुकडीतल्या जोडीदाराचे डिस्चार्ज बुक. जोडीदाराच्या बुकात "गोवा १९६१" असेल आणि दोघांची बदलीची तारीख एकच असेल, तर तो चांगला पुरावा आहे.

जे आपले नाही ते नको

शेवटची गोष्ट थोडी अवघड आहे. बाजारात पदकांच्या नकला विकत मिळतात. आजोबांच्या फोटोखाली शोभा यावी म्हणून काही जण त्या आणून चौकटीत लावतात. हेतू वाईट नसतो, पण नातवंडे ती खरी समजून वाढतात, आणि पुढे कुणी जाणकाराने विचारले की आजोबांच्या खऱ्या सेवेवरही शंका येते. माझी चिठ्ठीसुद्धा तसलीच एक नक्कल होती, हे मला कबूल केले पाहिजे.

त्या विद्यार्थिनीच्या घरच्यांनाही हा प्रसंग आला. आजोबा १९७१ साली पश्चिम आघाडीवर लढले, असे घरात सांगितले जाई. त्यामुळे त्यांनी तक्त्यात पश्चिमी स्टारही लिहिला होता. अर्जाचे उत्तर आले तेव्हा कळले की त्या काळात आजोबा प्रशिक्षण केंद्रात नव्या जवानांना शिकवत होते. त्यांना संग्राम मेडल देय होते, आणि ते डब्यात होतेच. पश्चिमी स्टार देय नव्हता. मुलीचे वडील थोडे हिरमुसले. आजी मात्र म्हणाल्या, "शिकवायला होते ते. मला आठवते, तेव्हा ते रोज पत्र लिहीत." तक्त्यातली ती ओळ मुलीने खोडली आणि पुढे "प्रशिक्षण केंद्र" असे लिहिले.

त्याच उत्तरात दुसरी ओळ होती. डिसेंबर १९६१ मध्ये त्यांची तुकडी गोवा मोहिमेत होती आणि जनरल सर्व्हिस मेडल, "गोवा १९६१" पट्टीसह, त्यांना देय आहे. नोंद करून घेण्यासाठी डिस्चार्ज बुक कार्यालयात आणावे, पदक यथावकाश पाठवले जाईल. मुलीचे वडील स्वतः ते घेऊन गेले आणि नोंद करून आणले. पदक अजून आलेले नाही. आजींनी बुक हातात घेतले, नव्या शाईची ती ओळ नातीकडून दोनदा वाचून घेतली आणि बुक पुन्हा डब्यात ठेवले.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत तुम्ही तीन गोष्टी करा. घरात किंवा वाड्यावर कुणी माजी सैनिक असतील किंवा होऊन गेले असतील, तर त्यांचा सैनिक क्रमांक आणि पलटण वहीत उतरवा. डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून आजोबा कुठल्या वर्षी कुठे होते ते विचारून लिहून घ्या, आणि आठवण कुठली व कागदावरचे कुठले, हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. ज्यांना तक्ता आखायला किंवा अर्ज लिहायला मदत हवी असेल, त्यांच्या पालकांनी शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत यावे. आमच्या त्या सुभेदारांनी बसायचे कबूल केले आहे.

येत्या १९ डिसेंबरच्या प्रदर्शनात डबा पुन्हा त्याच टेबलावर ठेवू. चिठ्ठी या वेळी आठवीच्या त्या मुलीने लिहायची, असे ठरले आहे.